क्विझ सोडवताना शेजारी कोण होतं?



कल्याणात दर रविवारी मी दहावी-बारावीच्या मुलांसोबत बसतो. मागच्या रविवारी डोंबिवलीहून माझी भाची आली. तिनं मोबाईलवर दहा प्रश्नांची करिअर क्विझ सोडवली होती. निकाल आला, ‘तुम्ही उत्तम शिक्षिका व्हाल’. घरचे खूश, कारण त्यांना तेच हवं होतं.

मी विचारलं, “बेटा, उत्तरं देताना शेजारी कोण होतं?”

ती हसली. “अम्मी आणि भाईजान.”

तीच क्विझ तिनं गॅलरीत एकटीनं सोडवली. आता निकाल आला तांत्रिक कामाचा! मला नवल वाटलं नाही. घरातला मिक्सर उघडून तीच दुरुस्त करते.

मग दुसरा निकाल खरा का? तसंही मी म्हणणार नाही. अशा बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये मांडलेला, आवडींच्या सहा प्रकारांचा विचार असतो. आपल्या राज्य मंडळानंही २०१६ मध्ये श्यामची आई फाउंडेशनसोबत दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली होती. यातून आवड कळते. कुवत कळत नाही, आणि फी परवडेल का हे तर नाहीच. म्हणून निकाल हातात घेऊन वागळे इस्टेटच्या आयटीआयमध्ये जा, तिथल्या मुलांशी बोला. पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, वेगळी सीईटी नसते, हे आपल्या कित्येक घरांत माहीतच नाही. आणि हो, निकालाआधी मोबाईल नंबर मागणारी क्विझ दिसली तर बंद करा. नंतर क्लासवाल्यांचे फोन थांबत नाहीत.

अभ्यासाला मात्र क्विझ फार कामाची. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे पाठ झालंय असं वाटणं आणि पाठ होणं वेगळं.

आमची मुलं दहापैकी दहा आले की स्टेटसला लावतात. मी म्हणतो, चुकलेले तीन दाखवा. ते वहीत उतरवा, चार दिवसांनी पुन्हा सोडवा. चौघांनी मिळून गूगल फॉर्मवर एकमेकांसाठी प्रश्न काढा. प्रश्न काढताना धडा नीट वाचावाच लागतो. सराव मात्र ज्या परीक्षेचा, तिच्या नियमानं करा. एमएचटी-सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये चुकीला एक गुण जातो, तिथं अंदाजपंचे चालत नाही.

भाचीचा अर्ज अजून भरायचा आहे. येत्या रविवारी दोन्ही निकाल घेऊन ये म्हटलंय. आणि अम्मीलाही.