होईना आणि आगवल्दु



काल या मंचावर तुकोबांवर व्याख्यान झालं, उद्या अर्थसंकल्पावर आहे. मधल्या दिवशी संयोजकांनी मला उभं केलंय ते एका जुन्या मोटरसायकलसाठी. इंजिनाचं काम करून आणलं आणि गाडी चालूच झाली नाही, एवढाच विषय. पण सभागृहातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात कधी ना कधी किक मारून मारून मांडीला वांब आणलेला असणार, तेव्हा श्रोते परके नाहीत.

सुरुवात भाषेपासून करतो. सीमेवरच्या आमच्या निपाणीत मराठी माणूस म्हणतो, ‘गाडी चालू होईना.’ शेजारचा कन्नड बोलणारा म्हणतो, ‘स्टार्ट आगवल्दु.’ त्यातला ‘वल्दु’ हा राजी नसण्याचा नकार आहे. ‘ऒल्ले’ म्हणजे मला नको, मी करणार नाही. आपल्या ‘होईना’तही तोच हट्ट. पोरगं जेवेना, म्हैस पान्हा सोडेना, गाडी चालू होईना. सीमाप्रश्नावर दोन्ही भाषांचं जमलं नसेल, पण गाडीच अडून बसलीय यावर पूर्ण एकमत! आणि इथंच आपण फसतो. लोखंडाला हट्ट नसतो. काम होण्याआधी जी गाडी कुरकुरत का होईना चालत होती आणि कामानंतर चालत नाही, तिचा दोष त्या दोन दिवसांच्या मधे बसलेला असतो. तिथं कुणाचा तरी हात फिरलेला असतो.

माझी गाडी येझदी रोडकिंग. म्हैसूरची. इराणी मंडळींच्या आयडियल जावा कंपनीनं 1961च्या सुमाराला तिथं जावा बनवायला घेतली, पुढं तीच येझदी झाली आणि 1996 साली कारखाना बंद पडला. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. किकची दांडी पुढं पाडली की तोच गिअरचा दांडा. नव्या पोरांना गिअर दाखवायला सांगितलं की ती गाडीभोवती प्रदक्षिणा घालतात. माझ्या लहानपणी तंबाखूच्या वखारींपुढं या गाड्यांची रांग असायची, आणि तवंदीचा घाट चढणारी येझदी दिसायच्या आधी ऐकू यायची.

तर त्या गाडीचा क्रँक वाजायला लागला. बेळगावात एका गॅरेजात टाकली. क्रँकला नवी कनेक्टिंग रॉड, सिलिंडरला बोअर, नवा पिस्टन, नवे ऑइल सील. बेळगावात अशा कामाला माणूस शोधावा लागत नाही, उद्यमबागेच्या कारखान्यांत जन्मभर लेथवर उभी राहिलेली माणसं घरटी निघतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग याच गावात 1888 साली सायकलच्या दुकानातून सुरू झाला, हे शाळेत आपण पाठ केलंय. पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढं कायम नांगर यायचा. आता वाटतं, आधी पंक्चर यायला हवं होतं. मोडकी वस्तू उघडून बघणारा हात असला की वस्तू घडवणारा हात फार लांब राहत नाही. 1910 साली किर्लोस्करवाडी झाली, कारखाना औंध संस्थानात गेला. उघडून बघायची खोड मात्र गावात राहिली. त्या खोडीचा थोडा प्रसाद मलाही मिळालाय, त्याबद्दल शेवटी सांगतो.

गाडी टेम्पोतून निपाणीला आली. दारात उतरवली, किक मारली. काही नाही. विसाव्या किकेला एक फुसकी. पंचविसाव्याला तीही नाही. आणि मग, आपल्याकडची रीत, गर्दी जमली.

इंजिनाला मिश्रण, दाब आणि ठिणगी लागते, हे गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी प्रत्येकजण आधी कार्बोरेटरच खोलतो. कारण तो बाहेर असतो, दोन नटांवर असतो आणि उघडला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. माझा कार्बोरेटर दोन दिवसांत तिघांनी धुतला. तिसऱ्यानं बसवताना मधलं पॅकिंग फाडलं. म्हणजे आता दोष दोन झाले. टू-स्ट्रोकला हे फार नडतं, कारण तिथं क्रँकची पेटीसुद्धा पंपाचं काम करते. कुठूनही फुकटची हवा शिरली की मिश्रण पातळ. याच कारणानं क्रँकचं काम झाल्यावर सीलची शंका घ्यायची. क्लचच्या बाजूचं सील बसवताना दुमडलं तर इंजिन तिथलं ऑइल ओढतं, प्लग ओला काळा होतो, आणि आपण प्लगला शिव्या देत बसतो.

साध्या गोष्टी तर सांगताना लाज वाटते, इतक्या साध्या. नव्या सिलिंडरला जोडताना चोळलेलं ऑइल पहिल्या किकांत प्लगवर येतं. प्लग काढून, पुसून, पुन्हा लावायचा. इंजिनाचं कवच रंगवून आणलं असेल तर रंगाखाली अर्थिंग मेलेलं असतं. गाडी तीन महिने गॅरेजात पडून असेल तर टाकीत पेट्रोल नाही, पेट्रोलचा वास उरलेला असतो. शिळं ते शिळंच, आणि आता त्यात इथेनॉल, जे हवेतलं पाणी पितं. शिवाय बनियन वेस्ट. सिलिंडर काढल्यावर धूळ जाऊ नये म्हणून मिस्त्री तोंडात चिंधी कोंबतो आणि तेवढ्यात चहा येतो. पुढचं तुम्ही ओळखा.

बुलेटवाले हसू लागलेत, त्यांच्यासाठी एक वेगळा खड्डा आहे. बुलेट फोर-स्ट्रोक. जुन्या बुलेटच्या पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो. पिस्टन माथ्यावर दोनदा येतो, एकदा दाब घेऊन, एकदा धूर बाहेर टाकून, आणि नुसत्या पिस्टनकडं बघून कुठली फेरी ते कळत नाही. चुकीच्या फेरीवर टायमिंग बांधलं की ठिणगी मस्त, दाब मस्त, पेट्रोल मस्त, आणि गाडी कार्बोरेटरातून शिंकते. टॅपेटचं झाकण उघडा. पिस्टन माथ्यावर असताना दोन्ही पुशरॉड बोटांनी सुट्ट्या फिरल्या तर ती दाबाची फेरी. त्या कुठल्याच फेरीत फिरत नसतील, आवळून बसवल्या असतील, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाबही गेला. नवा हेड-गॅस्केट घातल्यावर टॅपेट पुन्हा बघायचे राहून जातात.

तर माझी येझदी. तिसऱ्या दिवशी किकची दांडी उलटी आली आणि नडगीवर बसली. पाचव्या दिवशी मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो आला, गाडीला हात लावला नाही. खाली बसला, बिडीबंडलाचा कागद उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, “काय काय उघडलंतं, कुठल्या क्रमानं?” मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. सायलेन्सर, कार्बोरेटर, हेड, सिलिंडर, डायनॅमो, पॉइंट, क्रँक. घरी आल्यावर पुन्हा प्लग, कार्बोरेटर तीनदा, पॉइंट. मग त्यानं कागद खालून वर वाचायला सुरुवात केली. शेवटी ज्याला हात लागला ते आधी.

पॉइंटच्या तारेला आणि इंजिनाच्या अंगाला त्यानं एक छोटा बल्ब जोडला. चावी दिली. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. हेड काढलं. प्लगच्या भोकातून स्पोक घालून घेतलेलं माप मला पटत नाही, म्हणाला. व्हर्निअरची दांडी पिस्टनवर टेकवून क्रँक हळू फिरवला. बल्ब लागला तेव्हा पिस्टनला माथ्यावर पोचायला सहा मिलिमीटरहून जास्त बाकी होते, हवे होते त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे पिस्टन वर येतोय, आणि ठिणगी आधीच पडून त्याला खाली ढकलतेय. माझी नडगी तिथं फुटली होती.

त्यानं फीलर गेज घातलं. पॉइंटची फट 0.4 हवी, निघाली 0.7च्या आसपास. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, लवकर उघडले की ठिणगी लवकर; म्हणून आधी फट, मग टायमिंग, आणि टायमिंग बांधल्यावर फटीला हात नाही. गॅरेजवाल्यानं हे सगळं बरोबर बांधून दिलं होतं.

“याला शेवटचा हात कुणाचा?” त्यानं विचारलं.

गर्दीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. दुसऱ्या दिवशी रात्री, सगळे गेल्यावर, मी पॉइंट पॉलिशपेपरनं घासले होते आणि फट लावायला घरात गेज नव्हतं म्हणून भाच्याची लग्नपत्रिका दुमडून घातली होती. पत्रिका जाड कागदाची होती.

म्हातारा काही बोलला नाही. फट लावली, पॉइंटची प्लेट सरकवून टायमिंग बांधलं, पॅकिंग नवं कापलं, हेड आवळलं. तिसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर आला आणि शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.