काळे, काले आणि कळ

(मराठी अध्यापक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात इंदूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. साहित्याच्या व्यासपीठावर माझं काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. निमंत्रण आलं तेव्हा मलाही पडला होता. आमच्या धंद्यातल्या माणसाला नातेवाइकांत एकच ओळख असते. कुणाचा मोबाइल अडकला, कुणाचा प्रिंटर रुसला, की फोन येतो, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना? जरा सांग बघू." एका काकूंनी तर मला मिक्सरही दाखवला होता. मी सगळ्यांना एकच सल्ला देते, बंद करून पुन्हा चालू करा. दहापैकी सात वेळा तेवढ्यावर भागतं. आज बोलणार आहे ते उरलेल्या तीन वेळांबद्दल, म्हणजे बंद करून पुन्हा चालू केल्यानं सुटत नाहीत अशा दुखण्यांबद्दल.

पहिली गोष्ट घरातली. आमचं आडनाव काळे. वडील गेल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायचे होते. वडिलांच्या जुन्या सेवापुस्तकात शाईनं स्वच्छ 'काळे' लिहिलेलं. नव्या संगणकीय नोंदीत मात्र 'काले'. कुणीतरी आधी नाव इंग्रजीत भरलं असणार, के-ए-एल-ई. मग प्रोग्रामनं त्याचं देवनागरी केलं. इंग्रजीत ल आणि ळ दोन्हींना एकच एल. प्रोग्राम हिंदीच्या हिशेबानं बनवलेला, त्यानं ल उचलला. समोरचे बाबू सज्जन होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाले, "मैडम, हम तो समझ रहे हैं, सिस्टम नहीं ले रहा।"

शेवटी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की काळे आणि काले ही एकच व्यक्ती आहे. आई प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची. ळ नं एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून मुलांना तो 'बाळातला ळ' म्हणून शिकवावा लागतो, असं ती सांगते. सही करून बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तीस वर्षं मी तो ळ फळ्यावर गिरवून घेतला. आता म्हणे तो नसला तरी चालतं, असं मी शपथेवर सांगायचं."

मला त्या न दिसणाऱ्या इंजिनिअरचा फार राग आला. एवढं कसं सुचलं नाही माणसाला?

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. त्या सुमारास आम्ही एका ग्राहकासाठी नावनोंदणीचा प्रोग्राम केला होता. नावं देवनागरीतही घेता येत. लोक नावाच्या रकान्यात फोन नंबर, स्वल्पविराम, काहीबाही भरतात, म्हणून मी एक नियम लिहिला होता, की जे 'अक्षर' नाही ते काढून टाक. प्रोग्राम काही आठवडे चालू होता, तक्रार नव्हती. आईच्या प्रकरणानंतर एका संध्याकाळी सहज त्यात 'काळे' टाइप केलं. पडद्यावर आलं, 'कळ'.

झालं होतं असं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक वर्णाला आणि चिन्हाला एक ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था. त्यात क, ळ ही 'अक्षरं' या वर्गात आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात आहेत. युनिकोडचं यात काही चुकलेलं नाही. चूक माझी. मी 'अक्षरंच ठेव' म्हटलं, प्रोग्रामनं अक्षरंच ठेवली. काळेचा काना आणि मात्रा गेली, उरली कळ. तशीच सुनीताची सनत झाली, मोहिनीची महन झाली.

मग मी हे आधी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. माझ्या चाचणीतली नावं होती कमल, मदन आणि रमण. मराठी शब्द हवेत म्हटल्यावर माझ्या हाताला आले ते पहिलीच्या पुस्तकातल्यासारखे, काना-मात्रा नसलेले. कमल, मदन, रमण उत्तम चालत होते.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. प्रोग्रामनं चिन्हं काढून उरलेलंच साठवलं होतं. काढून टाकलेला काना परत कुठून आणणार? 'सनत' ही मुळात सुनीता होती की सनतच, हे यंत्राला सांगता येत नाही. सुदैवानं कागदी अर्ज शिल्लक होते. आम्ही तिघांनी तीन रविवार बसून नावं पुन्हा भरली. भरताना माझ्या लक्षात आलं, ज्या इंजिनिअरवर मी चिडले होते तो माझ्यासारखाच कुणीतरी असणार. त्यानं मराठीचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याच्या चाचणीत काळे आडनावाचं कुणी नव्हतं, एवढंच.

तिसरी गोष्ट आमच्या भागातल्या मराठी वाचनालयाची. तिथल्या काकांनी मला एक जुनी सीडी दिली. जुन्या वार्षिक अंकांचा सगळा मजकूर त्यात होता. छापील प्रती वाळवीनं खाल्लेल्या, म्हणून आशा सीडीवर. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

त्या काळातले बरेच फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवत. यंत्राच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होता, दिसायचं मराठी. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. तो फाँट तुमच्या यंत्रावर नसेल तर कथा, कविता, संपादकीय, सगळं मुकं. मी तो फाँट मिळवला, कोणत्या खुणेमागे कोणतं अक्षर याचा तक्ता केला आणि मजकूर युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या पानावर शीर्षक आलं, 'किवता'. कारण पहिली वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो, पण उच्चारतो नंतर. जुना फाँट दिसण्याच्या क्रमानं साठवायचा. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं. वेलांटी 'व'च्या आधी होती ती तशीच उचलली, तर मागच्या 'क'ला जाऊन चिकटली. ते दुरुस्त केलं. मग रफार. तो उलटा, नंतर काढलेला आणि उच्चारात आधीचा. तेही दुरुस्त केलं.

अंक वाचता येऊ लागला, पण काकांनी 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर डोळ्यांसमोर असूनही कित्येक ठिकाणी यंत्राला सापडेना. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. तो अर्धा र मराठीत महत्त्वाचा. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर त्यात आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र देऊन भागवलं जायचं. आजही दोन्ही रीती लिखाणात आढळतात.

काकांचा एक प्रश्न मात्र मला सोडवता आला नाही. सीडीवरच्या एका अंकाची फाइलच उघडत नव्हती आणि त्याची छापील प्रत कुणाकडेच मिळाली नाही. त्या अंकात त्यांच्या थोरल्या बहिणीची एकमेव छापलेली कथा होती. "असू दे, तू प्रयत्न केलास," असं म्हणून त्यांनी सीडी परत पाकिटात घातली. दहा वर्षं आधी कुणीतरी ती उघडून पाहिली असती, तर कदाचित वाचली असती.

मित्रहो, आपण महाराष्ट्राबाहेर राहतो. कार्यालयातलं देवनागरी इथे हिंदीच्या सवयीचं असणार, त्यात कुणाचा दोष नाही. पण म्हणूनच ळ ची आठवण करून देण्याचं काम आपल्याकडे येतं. यंत्र मराठीशी वैर धरत नाही आणि मायाही करत नाही. कुणीतरी बसून सांगितलं तेवढंच त्याला येतं.

तेव्हा तीन विनंत्या करते. लेखकांना विनंती, की जुन्या फाँटातलं लिखाण ज्या यंत्रावर अजून उघडतं आहे, त्यावर असतानाच युनिकोडमध्ये आणा आणि एक छापील प्रत ठेवा. मला तीन रविवारांत कागदानंच वाचवलं. शिक्षकांना विनंती, की मुलांना एक तास मराठी कळफलक शिकवा. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत. बाराखडी येणाऱ्या मुलाला ते चटकन समजतं. जो स्वतःचं नाव इंग्रजीतून न जाता थेट लिहितो, त्याच्या काळेचा काले सहसा होत नाही. आणि कागदावर नाव चुकलं तर 'चालतंय' म्हणू नका, लेखी तक्रार करा. तक्रार नसते तिथे आम्हा इंजिनिअरांना सगळं ठीक वाटतं.

तिसरी विनंती विद्यार्थ्यांना. तुमच्यातले कितीतरी जण माझ्याच धंद्यात येणार आहेत. प्रोग्राम तपासताना कमल, मदन, रमण घेऊ नका. ज्ञानेश्वर घ्या, वाङ्मय घ्या, दुसऱ्या घ्या, आपल्या आजीचं पूर्ण नाव घ्या. माझ्या प्रत्येक प्रोग्रामच्या चाचणीत आता पहिलं नाव आईचं असतं, आडनावासकट. मागच्या महिन्यात तिला ते पडद्यावर दाखवलं. तिनं चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "ळ बरा आलाय. पण श चं वळण हिंदीचं आहे."

ते काम अजून बाकी आहे.