शिकागोची एकशे आठ वर्षे

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. तरी शिकागोच्या ‘कब्ज’ संघाची हकीकत आम्ही आज मुद्दाम सांगणार आहोत. या संघाने १९०८ साली अजिंक्यपद मिळविले, आणि पुन्हा मिळविले ते २०१६ साली! मधल्या काळात माणसे जन्मली, म्हातारी झाली, गेली; संघ काही जिंकेना. १९४५ नंतर तर अंतिम सामन्यांची पायरीसुद्धा त्याला एकाहत्तर वर्षे चढता आली नाही. तरी लोक रिग्ली मैदानाकडे जातच राहिले.

याला वेडेपणा म्हणणारे म्हणोत. आशेवर लोक जगले, असेही कोणी म्हणतात. तेही आम्हांस पुरतेपणी पटत नाही. विजयासाठी धरलेला संघ पराभवाबरोबर सुटतो. बापाचे बोट धरून जे मैदान प्रथम पाहिले, ते कसे सुटावे? शिवाय तेथे १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. घरचे सामने दिवसाउजेडी चालत. शाळा चुकविलेली पोरे आणि पेन्शनर म्हातारे एकाच बाकावर! हळहळायलाही सोबत लागते.

२०१६ साली क्लीव्हलँडला सातव्या सामन्यात, पावसाने खोळंबा केल्यावर, दहाव्या डावात ८-७ असा निकाल लागला. त्या दिवसांत लोकांनी खडू घेऊन रिग्ली मैदानाच्या विटांच्या भिंतींवर नावे लिहिली. त्यांत वारलेल्या बापांची, आजोबांची, आज्यांची नावे होती. ज्यांना हा दिवस दिसला नाही, त्यांना तो असा कळविण्यात आला.