बालेवाडीची एक सकाळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस क्रीडाविषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस हसूच आले. सारा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालविलेल्या, पासष्टी उलटलेल्या गृहस्थाने धावण्यावर बोलावे हे आपणांपैकी अनेकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या मार्गशीर्षात मंडळाच्या अकरा मुलामुलींस घेऊन आम्ही बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात गेलो होतो. तेथे परवानगी काढून खऱ्या धावपटूंच्या शेजारी धावण्याचा योग आला. त्या सकाळीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. पुढे 2008 साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि 2013 साली आशियाई मैदानी स्पर्धा येथेच झाल्या. दूरचित्रवाणीवर गजबजलेले दिसणारे ते मैदान पहाटे अगदी निःशब्द होते. रिकाम्या पायऱ्यांवर दव पडले होते, आणि खाली धावमार्गावर दहाबारा धावपटू सावकाश फेऱ्या घेत होते. त्यांत सैन्यदलातील काही तरुण होते, चारपाच मुलीही होत्या.

'सावकाश' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. मुलांची समजूत अशी की, मोठा धावपटू म्हणजे सदा वाऱ्यासारखा सुटलेला. प्रत्यक्षात पहिली पंधरा मिनिटे त्यांनी इतक्या मंद गतीने अंग गरम केले की, आमची मुले गप्पा मारीत त्यांच्याबरोबर धावली. एकाने तर, "एवढेच का?" असे विचारलेही. प्रशिक्षक नुसते हसले.

मग खरे काम सुरू झाले. प्रशिक्षकांनी आम्हां सर्वांस बाहेरच्या पट्ट्यांत पाठविले, कारण आतला पट्टा वेगाने धावणाऱ्यांचा असतो. चारशे मीटरांची फेरी म्हणतात ती या आतल्या पट्ट्याची. बाहेर सरकावे तसतसे प्रत्येक पट्ट्यास सुमारे साडेसात मीटर अंतर वाढते. आम्ही सहाव्यात होतो, म्हणजे आमच्या वाट्यास अडतीसेक मीटर अधिक आले. आमची सारी पिछेहाट आम्ही तत्काळ त्या खात्यावर मांडून टाकली! आमची एक फेरी साडेतीन मिनिटांत पुरी झाली. तेवढ्यात ते तरुण मध्ये विश्रांती घेऊनही दोनदा आमच्या शेजारून निघून गेले. जवळून जाताना पावलांचा आवाज जवळजवळ होत नाही, श्वासाचा मात्र ऐकू येतो. पायऱ्यांवर बसणाऱ्यास तो कधीच ऐकू येत नाही.

कडेला स्टीपलचेस शर्यतीचा एक अडथळा ठेवलेला होता. पुरुषांसाठी त्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते आणि वजन 80 ते 100 किलो. पाय अडखळला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी 2024 साली पॅरिस येथे ही 3000 मीटरांची शर्यत 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पुरी केली. म्हणजे दर चारशे मीटरांस सरासरी 65 सेकंद, आणि वाटेत असे 28 अडथळे व पाण्यावरच्या 7 उड्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. हे आकडे आम्ही वर्तमानपत्रांत वाचले होते. पण त्या लाकडावर हात ठेवून मुलांस सांगताना ते निराळेच वाटले.

पुण्यास हा विषय नवा नव्हे. 1919 च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि 1920 साली आपले खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

आता जे सांगावयाचे आहे त्यासाठी आम्हांस थोडे धैर्य गोळा करावे लागले. मुलींच्या चारशे मीटरांच्या फेऱ्या चालू असता आमच्यातील तेरा वर्षांची एक कन्या त्यांच्या बाजूच्या पट्ट्यात उतरली. शंभर मीटरांवर ती थांबेल असे वाटले. ती थांबली नाही. दोनशे मीटरांपर्यंत तिने त्यांची बरोबरी सोडली नाही. प्रशिक्षकांच्या घड्याळात 38 सेकंद झाले होते. त्यांनी विचारले, "ही कोणाची मुलगी?"

मुलीची आई पायऱ्यांवर उभी होती. बावीस वर्षांपूर्वी ती शाळेत आठशे मीटर धावत असे आणि जिल्ह्यासाठी तिची निवड झाली होती. तिच्या वडिलांनी सल्ला विचारला, तेव्हा "दहावीचे वर्ष आहे, शिवाय मुलीची जात, धावणे पुरे," असे सांगणारे गृहस्थ आज आपणांसमोर उभे आहेत. हे तिच्या संमतीने सांगत आहोत. त्या सकाळी आम्ही तिला म्हणालो, "ताई, आमचे चुकले." ती बराच वेळ धावमार्गाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, त्या वेळी मलाही कुणी विचारले नव्हते." एवढेच. रागाने म्हणाली असती तर आम्हांस सोपे गेले असते.

परतताना गाडीत तिने प्रशिक्षणाची फी, येण्याजाण्याची सोय, शाळेची वेळ, हे सारे बारकाईने विचारून एका कागदावर टिपून घेतले. आठवड्यातून तीन दिवस पहाटे त्या मुलीस सोबत कोणी जावयाचे हा प्रश्न उरला होता. सध्या मंगळवारी आम्ही जातो.

माघातील दुसऱ्या रविवारी मंडळाची गाडी पुन्हा बालेवाडीस जाणार आहे. गाडी पहाटे पाच वाजता कार्यालयापासून सुटेल. जागा वीस आहेत. नावे कार्यवाहांकडे द्यावीत. मुलीचे नाव द्यावे की नाही असा ज्यांच्या घरी विचार चालला असेल, त्यांनी तो मुलीसच विचारावा.