होडीत माणसे किती, आणि कुठे?

वस्तू पाण्यावर का तरंगते, याचे उत्तर आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. वस्तूच्या बुडालेल्या भागाने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलते. या जोराला आपण प्लावक बल म्हणतो, आणि त्यासोबत आर्किमिडीजच्या हौदातल्या स्नानाची गोष्टही सांगतो. ती गोष्ट लिहून ठेवली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने, आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजचा स्वतःचा तरंगणाऱ्या वस्तूंवरचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात आपल्या पाठ्यपुस्तकातला नियम आहे. दुसऱ्या भागाचा विषय मात्र वेगळा आहे: एका विशिष्ट घुमटाकार वस्तूला पाण्यात तिरके करून सोडले, तर ती पुन्हा सरळ उभी राहील की नाही? हा दुसरा प्रश्न आपल्या शालेय शिक्षणातून जवळजवळ गळून गेला आहे. माझे म्हणणे असे की, होडीत पाय ठेवणाऱ्या माणसासाठी हाच प्रश्न अधिक मोलाचा आहे.

विहिरीत घागर सोडणाऱ्याला हे हाताने माहीत असते. रिकामी घागर उत्तम तरंगते. ती भरायची असेल तर खाली दाबावी लागत नाही. दोराला जरासा हिसका देऊन ती आडवी केली की पुरे. काठ पाण्याखाली गेला की पाणी आत येते आणि तरंगणे तिथेच संपते. स्वीडनच्या ‘व्हासा’ या युद्धनौकेचे नेमके हेच झाले. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोममधून ती पहिल्यांदाच निघाली आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडाली. तिच्यावर 64 तोफा होत्या, आणि तोफांचे मजले एकावर एक दोन. त्या वजनाने ती पाण्यात बुडत नव्हती, बंदरात ती व्यवस्थित तरंगत होती. पण वजन फार उंचावर होते. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावले, तेव्हा जहाज इतके झुलू लागले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही ते निघाले. वाऱ्याच्या झोताने कलले, खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्या पाण्याला टेकल्या आणि समुद्र आत शिरला. तळाशी आणखी दगड भरले असते तर? जहाज आणखी खोल बसले असते आणि त्याच खिडक्या पाण्याच्या अधिक जवळ आल्या असत्या. दोष मुळात बांधणीतच होता.

तोल सावरतो कसा, ते पाहू. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो आणि पाण्याच्या उचलण्याचा मध्य तिकडे सरकतो. वजनाचा मध्य फार उंच नसेल आणि होता तिथेच राहिला, तर पाण्याचा हा जोर होडीला पुन्हा सरळ करतो. पण होडीतले वजन जेव्हा माणसांचे असते, तेव्हा ते जागचे हलते. समजा, माणसांसकट एका लाँचचे वजन 20 टन आहे. त्यातली सरासरी 60 किलोची 50 माणसे काही बघायला म्हणून दोन मीटर एका कडेला सरकली. म्हणजे संपूर्ण लाँचचा वजनमध्य 30 सेंटिमीटर त्या बाजूला गेला. लहान बोटीच्या बाबतीत एवढे सरकणे फार होते. हीच माणसे उठून उभी राहिली की वजनमध्य वरही चढतो आणि सावरायची उरलीसुरली ताकद कमी होते. गंमत नव्हे, गणित आहे हे: माणसांची संख्या तीच, होडीने सारलेले पाणी तेवढेच, आणि धोका मात्र कितीतरी वाढलेला.

यावर कोणी म्हणेल, माणसांची संख्या ठरवून दिली आणि ती पाळली की प्रश्न मिटला. संख्येची मर्यादा हवीच. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने 1873 मध्ये पुस्तक लिहून, नंतर पार्लमेंटमध्ये भांडून जहाजाच्या भाराला अशीच मर्यादा घालून घेतली. 1876 च्या कायद्याने जहाजावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. मात्र ती कुठे काढायची हे मालकाच्या मर्जीवर राहिले. ती जागा कायद्याने ठरायला 1890 उजाडले. या रेषेने असंख्य खलाशांचे प्राण वाचवले असतील, याबद्दल मला शंका नाही. पण जहाज किती खोल बसले आहे, एवढेच ती रेषा सांगते. वजन वर आहे की खाली, मध्ये आहे की कडेला, हे तिला कळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, होडी लाटेने उलटते, माणसांनी नव्हे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ऐन पावसाळ्याचा समुद्र होता, मोठी लाट आली, हे खरेच. पण वाचलेल्यांच्या हकिकतींतून पुढे आलेली दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे: घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले. लाटेने सुरू केलेले काम गर्दीच्या वजनाने पुरे केले. वजन नि जोर कुठे लागतो याला किती महत्त्व आहे, हे कोकणातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. अरुंद होडीच्या बाजूला, आडव्या दांड्यांना बांधलेली उलांडी पाहा. ते लाकूड होडीला उचलते ते थोडेच. पण होडीपासून दूर असल्याने त्या थोड्याशा जोराने मोठा तोल सांभाळला जातो. जोर किती, यापेक्षा तो कुठे लागतो हे ज्याला कळले, त्याने ती रचना केली.

राहता राहिले लाइफ जॅकेट. ते अंगात हवेच, बाकाखाली नव्हे. त्याच्या घडणीतही हाच विचार आहे. तरंगणारा भाग मुख्यतः छातीवर ठेवलेला असतो तो माणूस उताणा व्हावा आणि तोंड पाण्याबाहेर राहावे म्हणून. पट्टे सैल सोडले तर जॅकेट वर सरकते आणि हा हेतू फसतो. शिवाय छप्पर असलेली बोट उलटली तर जॅकेट घातलेला माणूस आतच वर दाबला जाऊ शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर तोलाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तेव्हा घारापुरी, मांडवा, मालवण, कुठेही बोटीने जाल तेव्हा जॅकेटचे पट्टे आवळा, बसून राहा, तांडेल सांगेल त्या बाजूला बसा, आणि डॉल्फिन दिसला म्हणून सगळेच एका कडेला धावू नका. बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहा.