हाताने वाचावयाचा नकाशा



भिंतीवरील नकाशा गाव कोठे आहे ते सांगतो. परंतु 'येथे भराव घातला तर काय होईल?' असे मुलाने विचारले, तर तो मुकाच राहतो. ही उणीव दूर करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत जॉन अंडरकॉफ्लर व हिरोशी इशी यांनी केला. १९९९ साली त्यांनी नगररचनेसाठी मांडलेल्या मेजावर घरांच्या प्रतिकृती ठेवावयाच्या. संगणकाने गणिलेली त्यांची सावली वरून प्रकाशाने मेजावर उमटे. घर सरकविले की सावली सरके. २०१६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी निर्वासितांची घरे कोठे बांधावीत, याचा विचार नागरिकांनी अशाच मेजाभोवती ठोकळे मांडून केला.

असे मेज आपल्या शाळांस परवडणारे नाही, व त्याची खंतही नको. तत्त्व तेवढे घ्यावे: वस्तू मुलाने हलवावी व परिणाम त्यास तत्काळ दिसावा.

वसई-विरारचेच पाहा. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा; मध्ये सखल जमीन, मिठागरे आणि दक्षिणोत्तर गेलेला लोहमार्ग. जुलै २०१८ मध्ये तो मार्ग पाण्याखाली गेला, मिठागरांतील वस्ती वेढली गेली. मुलांना 'पाऊस फार पडला' एवढेच ठाऊक असते. पाणी कोठे जाऊ पाहत होते, हे त्यांना कळावयास हवे.

परातीत चिकणमातीचा उठावाचा नकाशा करावा. लोहमार्गासाठी मातीचा वरंबा, त्याखाली मोरी म्हणून पपईच्या देठाची नळी, घरांसाठी विटेचे तुकडे. डोंगरांची उंची येथे प्रमाणाबाहेर वाढविली आहे, हे मुलांस अवश्य सांगावे. मग डोंगरावर तांब्याभर पाणी झारीने सोडावे व ते कोठवर चढले तेथे काडी रोवावी. पुढच्या खेपेस मोरी बुजवावी, मिठागरावर तुकडे रचावेत आणि तेवढेच पाणी सोडावे. तिसऱ्या खेपेस समुद्राचा भाग आधीच भरून ठेवावा, म्हणजे भरतीच्या वेळी पाणी का तुंबते ते दिसेल.

प्रत्येक खेपेपूर्वी मुलांकडून अंदाज वदवून घ्यावा. मुलाच्या हातातील तुकडा काढून घेऊन 'असा ठेव' म्हणण्याची आपल्यापैकी पुष्कळांना सवय आहे. ती येथे घातक होय.

एखादा मुलगा आपल्या घराचा तुकडा बुडालेला पाहून गप्प होईल. त्यास तो दुसरीकडे मांडून पाहू द्यावा. घर हलविता येण्यासारखे नाही असे तो म्हणाला, तर मोरी मोकळी करून त्यानेच पुन्हा झारी धरावी.