भिंतीवरचा वारसा : जुन्या छापील चित्रांची ओळख आणि मोल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. आमचा विषय त्या मानाने घरगुती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात किंवा माळ्यावर, आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेले एखादे चौकटीतले चित्र असते. कुठे कमळावर उभी असलेली लक्ष्मी, कुठे वीणाधारी सरस्वती, कुठे रामपंचायतन. त्या चित्रांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आम्ही कलेचे पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत इंदूर, बडोदे, दिल्ली असे फिरणे झाले, आणि जिथे गेलो तिथल्या मराठी घरांतील भिंती न्याहाळण्याची सवय जडली, एवढेच आमचे भांडवल.

हा विषय आजच घेण्याचे कारण असे की, ज्या पिढीने ही चित्रे गावाकडून ट्रंकेत घालून येथवर आणली, ती पिढी आता मावळत आहे. घरे लहान झाली, मुले परदेशी गेली. वडीलधारे माणूस गेले की पंधरवड्यात घर आवरावयाचे असते, आणि त्या घाईत अशी चित्रे एकतर रद्दीवाल्याच्या हातगाडीवर जातात, नाहीतर भावाभावांत तंट्याचे कारण होतात. दोन्ही अनर्थांचे मूळ एकच आहे. आपल्या घरात नेमके काय आहे, हे आपणांस ठाऊक नसते.

म्हणून प्रथम या चित्रांचे कूळ पाहू. भारतात देवादिकांची छापील चित्रे घरोघर पोहोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनी पुण्यास चित्रशाळा काढली ती १८७८ साली, आणि त्याच साली कलकत्त्यास अन्नदाप्रसाद बागची व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू केला. पुढे १८९४ साली राजा रविवर्मा यांनी आपले बंधू राजराज वर्मा यांच्या साहाय्याने मुंबईस छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आले. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथून बाहेर पडलेले पहिले चित्र. मुंबईतील प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले होते. रविवर्मा १९०६ साली निवर्तले, पण छापखाना त्यांच्या नावानेच चालू राहिला. तेथे धुरंधरांसारख्या अन्य चित्रकारांची चित्रेही छापली गेली. तेव्हा चित्राखाली ‘रविवर्मा प्रेस’ असे छापलेले असले म्हणजे ते रविवर्म्यांनीच रंगविले, असे ठरत नाही.

आता ओळख कशी पटवावी? साधने साधी आहेत : दिवसाचा उजेड, एक बहिर्गोल भिंग आणि सवड.

जुनी चित्रे शिळाछाप पद्धतीची असत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर कारागिराने हाताने केलेले रेखाटन, आणि तोच कागद प्रत्येक दगडाखालून पुन्हा काढावयाचा, असा तो खटाटोप असे. शेवटी रोगण देऊन, काही वेळा कागदावर कापडाच्या विणीसारखा उठाव आणून, तैलचित्राचा भास निर्माण करीत. यांनाच ‘ओलिओग्राफ’ म्हणतात. भिंगातून देवीच्या गालाकडे पाहिले तर शिळाछापातले ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने टिपलेले दिसतात. उलट, अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके जाळीसारखे, ओळीने, एकसारख्या अंतरावर दिसतात. जुन्या लक्ष्मीची नवी नक्कल याच खुणेवरून उघडी पडते. मात्र जाळीदार ठिपके दिसले म्हणून चित्र टाकाऊ समजू नये. मुळगावकर, दलाल, एस. एम. पंडित यांच्या चित्रांची जी छापील रूपे घरोघर गेली, ती अशाच यांत्रिक छपाईच्या युगातील आहेत आणि त्यांचेही चाहते आहेत. ठिपका काळ सांगतो, मोल सांगत नाही.

दुसरी खूण खालच्या समासाची. तेथे चित्राचे नाव, छापखान्याचे नाव, गाव, कधी क्रमांक असतो. दुर्दैवाने जुन्या फ्रेमवाल्यांनी चौकटीत बसविण्यासाठी हे समास सर्रास कापले. समास शाबूत असणे हे भाग्यच. तिसरी गोष्ट सहीची. चित्रातील सही चित्राबरोबरच छापलेली असते. ती चित्रकाराने त्या कागदावर केलेली नव्हे. चौथी, सजावटीची. पुष्कळ चित्रांवर जरी, मणी, टिकल्या, खरे कापड चिकटवून देवीला पातळ नेसविलेले आढळते. ही सजावट दुकानांतून होई, तशीच घरच्या स्त्रियांच्या हातूनही होई. ‘मूळ चित्र बिघडविले’ म्हणून ती ओरबाडून काढणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. वस्तुतः जुनी, नीट टिकलेली सजावट संग्राहकांना हवीशी वाटते.

येथे एक प्रसंग सांगणे अवश्य वाटते. एका शहरात आमच्या परिचयाच्या दोघा भावांचे बोलणे बंद झाले होते. निमित्त वडिलांच्या देवघरातील सरस्वतीचे. कोणा व्यापाऱ्याने ‘हे अस्सल रविवर्मा, सही पाहा’ असे थोरल्याच्या कानी घातले होते, आणि रविवर्म्यांच्या तैलचित्रांना कोट्यवधी रुपये येतात हे धाकट्याने वर्तमानपत्रात वाचले होते. उभयतांच्या संमतीने आम्ही ते चित्र खिडकीशी नेऊन पाहिले. भिंगाखाली ठिपके स्वच्छ दिसले. सहीसुद्धा ठिपक्यांचीच होती. ती शिळाछाप होती, जुनी आणि चांगली, पण छापीलच. दोघांचेही चेहरे उतरले. मग मागची फळी सैल होती ती अलगद बाजूला केली, तो आत एक घडी घातलेला कागद मिळाला. त्यावर मोडीत त्यांच्या आजीचे नाव, चित्र घेतल्याचे गाव आणि दिलेली किंमत होती. त्या घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. आम्ही वाचून दाखविले तेव्हा धाकट्याने तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. भाऊ त्या दिवशी एक झाले असे सांगणे अतिशयोक्तीचे होईल. पण चित्र विकण्याची भाषा तेथेच थांबली, आणि कागदाच्या दोन छायाप्रती दोघांच्या घरी गेल्या.

या प्रसंगातच मोलाचा विचार सामावलेला आहे. बाजारातील किंमत पाच गोष्टींवर ठरते : छापखाना व काळ, विषयाची दुर्मीळता, समासांची पूर्णता, कागदाची व रंगांची स्थिती, आणि मालकीचा पुरावा. लक्ष्मी-सरस्वती असंख्य छापल्या गेल्या, म्हणून त्यांतील साध्या प्रती तुलनेने सहज मिळतात. क्वचित छापलेला पौराणिक प्रसंग अधिक भाव खातो. ओल लागलेले, कसर लागलेले, चिकटपट्ट्यांनी जोडलेले चित्र उतरते. दुकानात लावलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा होय. लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत हाच आधार धरावा. आणि ज्याला ते चित्र विकत घ्यावयाचे आहे, त्याच्याकडूनच त्याचे मोल कधी करवून घेऊ नये.

सरकारी माणूस म्हणून एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो. पुराणवस्तू व कलानिधी यांविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांची कलावस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. शिवाय रविवर्म्यांच्या कलाकृती १९७९ साली राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्या आहेत. तेव्हा आजीची सरस्वती अमेरिकेतील नातवाकडे धाडण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी. तिचा काळ आणि दर्जा विमानतळावर उभे राहून आपणच ठरवू नये.

जतनाविषयी थोडक्यात : चित्र उन्हात किंवा ओल्या भिंतीवर टांगू नये. ओल्या फडक्याने पुसू नये. काच कागदाला चिकटू देऊ नये, मध्ये जाड कागदाची चौकट हवी. मागची आम्लधर्मी फळी बदलून आम्लरहित पुठ्ठा घालावा. चिकटलेले चित्र स्वतः सोडवू नये. त्यासाठी लखनऊची राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळा किंवा एखाद्या चांगल्या वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा.

आणि शेवटची विनंती. कचेरीत आम्ही शिकलो की, ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू हरवली तरी कोणाला कळत नाही. या दिवाळीत घरची साफसफाई कराल तेव्हा प्रत्येक चित्रासाठी एक कागद करा. चित्र कोणाचे, कोणी आणले, कोणत्या गावाहून, कोणत्या निमित्ताने, चौकट कधी बदलली, हे घरातील वृद्धांना विचारून लिहा. पुढचे-मागचे छायाचित्र काढा, आणि तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागे लावा. वाटणीची वेळ आली तर चित्र एकाकडे, त्याची ठरलेली भरपाई इतरांकडे, आणि नोंदीची प्रत सर्वांकडे असावी. गावचे घर गेले, शेत गेले, पुष्कळांची भाषाही पातळ झाली. या परमुलखात आपण कोठून आलो हे सांगणारी साक्ष काही घरांत या चौकटीमागेच उरली आहे. साक्षीदार वृद्ध जवळ आहेत तोवरच तिची जबानी घेतली पाहिजे.